साच्याची तहान

फाल्गुन लागला की वऱ्हाडात साखरेचे ओतकाम सुरू होते. महाशिवरात्र सरते, उन्हाला धार चढते आणि अकोल्या-अमरावतीच्या जुन्या वस्त्यांतून मोठ्या कढया चुलाणावर चढतात. पुण्या-मुंबईकडे साखरेची गाठी पाडव्याच्या गुढीला बांधतात. आमच्याकडे ती त्याआधी, होळीलाच, लेकरांच्या गळ्यात पडते. बाळाची पहिली होळी असली की आजोळहून गाठी आलीच पाहिजे. नाही आली तर चार बायका विचारणारच. बाजारात बांबूला टांगलेल्या पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या माळांखालून चालताना केसांवर साखरेची कणी पडते आणि शेजारी एखादे पोरगे ‘मले पदकवाली पायजे’ म्हणून आईचा पदर ओढत असते.

ही माळ ज्यातून निघते तो साचा मात्र फार थोड्यांनी पाहिलेला असतो. साचा सागाचा. जाड फळीवर ओळीने कोरलेल्या वाट्या, मधोमध मोठे नक्षीदार पदक, आणि एका वाटीतून दुसरीत जाणारी बारीक खाच. खाचेत दोरा पसरायचा आणि वरून पाक सोडायचा. पण त्याआधी, आदल्या रात्रीच, हे साचे पाण्यात बुडवून ठेवलेले असतात. सकाळी बाहेर काढले की लाकूड काळपट दिसते, हाताला गार आणि जड लागते. वरवरचे पाणी फडक्याने टिपतात, मुरलेले तसेच राहू देतात. पाक तोवर घोटून घोटून दुधाळ झालेला असतो. त्याची धार फळीवर पडते तेव्हा हलकी वाफ उठते, पाक आधी चकाकतो, मग कडेने निस्तेज होत होत पांढरा पडतो. फळी उलटी करून पाठीवर थाप मारली की सबंध माळ सुटून येते. वाटीच्या तळाशी साखरेचा कणही मागे राहत नाही.

“लाकडाचं पोट भरेल पायजे बाई,” एक म्हातारे गाठीवाले मला म्हणाले होते. “पोट भरलं का मंग ते पाकाले धरत नाई.”

ओतकामाविषयी पुढे जे काही वाचले, शिकले, ते सगळे मला या एका वाक्याभोवती फिरताना दिसले. साचा कशाचा करायचा हे ठरवताना लोक आधी किंमत विचारतात, मग तो किती दिवस टिकेल ते विचारतात. खरा पहिला प्रश्न तहानेचा असतो. आपण जे ओतणार किंवा दाबणार आहोत त्याच्यातले पाणी साच्याने प्यायचे आहे, की त्याला शिवायचेही नाही? साखरेला पाण्याने तुडुंब भरलेले लाकूड लागते. ओल्या मातीला कोरडा, अधाशी साचा लागतो. प्लास्टरला पाणी अजिबात न पिणारा, गुळगुळीत, वाकणारा साचा बरा. आणि वितळलेल्या धातूला असा साचा हवा की ज्यात पाणी जवळजवळ उरलेलेच नाही, पण वाफ आणि वारा निघून जायला वाट आहे. हे जुळले की बाकीच्या गोष्टी जुळवता येतात. हे चुकले तर कितीही महागाचा माल आणा, वस्तू साच्यातच राहते.

मी बार्शीटाकळीची. विद्रुपा नदीच्या काठचे हे गाव, अकोल्याहून पूर्णा जंक्शनकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरचे. भाद्रपदात बसणाऱ्या महालक्ष्म्यांचे मुखवटे आणि महिनाभर घरोघर राहणाऱ्या भुलाबाईच्या मूर्ती घडवणे हे माझे काम. गावात कालंका देवीचे हेमाडपंती देऊळ आहे, आणि गावचा शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे साडेआठशे वर्षांचा. ओतकाम करणारीला या देवळासमोर उभे राहिले की आपल्या कामाची जात नीट कळते. दगडावर काम करणारा नको ते काढून टाकतो आणि एकच मूर्ती मागे ठेवतो. त्याला साचा लागत नाही, दुसरी संधीही मिळत नाही. आम्ही आधी पोकळी घडवतो. मूर्ती म्हणजे त्या पोकळीने दिलेला जबाब.

देवळाचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवते. जुन्या कोरीव कामावर रबर किंवा प्लास्टर लावून साचा घेण्याची हौस हल्ली काहींना असते. ती करू नये. झिजलेल्या दगडाचा वरचा पापुद्रा साच्याबरोबर उचलून येतो आणि तो परत बसवता येत नाही. अभ्यासक शिलालेखाचा ठसा घेतात तेव्हा ओला कागद कुंचल्याने ठोकून अक्षरांत बसवतात आणि मग वरून शाई टिपतात. तेसुद्धा जाणत्या हाताने आणि परवानगीनेच.

आमच्या शिवारातली काळी माती कापसाला मायेची, मूर्तीला वैरीण. पाणी प्यायली की फुगते, वाळली की भेगाळते. उन्हाळ्यात शेतातल्या भेगेत अख्खा हात जातो, त्या मातीची मूर्ती ती काय टिकणार. पोळ्याला मुले याच मातीचे बैल करतात आणि पूजेपर्यंत एखादे शिंग, एखादे वशिंड गळून पडलेले असते. म्हणून कुंभार तिच्यात घोड्याची लीद घालतो, राख घालतो, तळ्यातली गाळाची माती मिसळतो. शाडू गुजरातेतून, भावनगरकडून येतो. तो गोरा, मऊ, कह्यात राहणारा. पण गाडीभाडे धरून तो महाग पडतो आणि भुलाबाई तर गरिबाच्या घरातही बसते.

भुलाबाई भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसते आणि कोजागिरीला उठते. शेजारी भुलोजी, मांडीवर गणपती. संध्याकाळी पोरी जमतात, टिपऱ्या वाजवतात, गाणी म्हणतात आणि शेवटी डब्यातला खाऊ न पाहता ओळखायचा. या मूर्तीचा माझ्याकडचा सगळ्यात जुना साचा भाजक्या मातीचा आहे. आमच्या गावच्या एका कुंभारीण मावशींनी तो मला दिला, आणि त्यांना तो त्यांच्या सासूकडून मिळालेला. तळहाताहून थोडा मोठा, कडा झिजून गोल झालेल्या. आत पाहिले की भुलाबाई खोलात बसलेली दिसते. नाकाच्या जागी खळगा, डोळ्यांच्या जागी दोन दबलेल्या वाटोळ्या खुणा, पदराच्या जागी उलटी गेलेली सुरकुती. मळलेल्या मातीची जाडसर पोळी घ्यायची. अंगठ्याने आधी नाकाचा खळगा भरायचा, मग हनुवटी, मग मांडीवरच्या गणपतीची सोंड. मधला भाग शेवटी. घाईने आधी मध्ये दाबले तर हवा कोपऱ्यात अडकते आणि गणपतीला सोंड येत नाही. पाठीमागे बोटांचे ठसे उमटतात. ते पुसायचे नसतात.

मग वाट पाहायची. साचा पाणी पितो, माती आकसते, आणि काठाशी केसाएवढी फट दिसू लागते. बोटाने जोर लावायचा नाही. साचा तळहातावर पालथा धरून मनगट किंचित झटकायचे. मूर्ती आपण होऊन हातात उतरते, ओली, काळसर, नाकाच्या शेंड्यावर साच्यातल्या एका जुन्या तड्याची बारीक रेघ घेऊन. ती रेघ मी कधी घोटून काढत नाही. या साच्यातून निघालेल्या प्रत्येक भुलाबाईला ती आहे.

“साच्याले पानी दाखवू नको वं बाई,” मावशी सांगत. “तहानेला असन तरच तो मूर्ती सोडते.” गाठीवाल्याने सांगितले त्याच्या अगदी उलट, आणि दोघांचेही खरे. चार-सहा मूर्ती काढल्या की भाजका साचा भिजून सुस्त होतो, माती धरून ठेवू लागतो. तेव्हा त्याला उन्हात ठेवायचे आणि दुसरा घ्यायचा. म्हणून कुंभाराकडे एकाच मूर्तीचे दोन साचे तरी असतातच. आणि पडून फुटला तर? मावशी खापर उखळात कुटत, चाळत आणि ती भुकटी नव्या मातीत घालत. भाजलेली भुकटी आता आकसत नाही, त्यामुळे तिच्या संगतीने नवी मातीही कमी तडकते. फुटलेला साचा नव्या साच्याच्या अंगात जातो.

महाराष्ट्रात ही विद्या किती जुनी आहे हे पाहायचे तर धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला जावे. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहनकाळातल्या, पांढऱ्या केओलिन मातीच्या लहान लहान मूर्ती आहेत. त्या दुहेरी साच्यातल्या. पुढची बाजू एका साच्यात, पाठ दुसऱ्यात, आणि दोन्ही ओल्या कडा जोडलेल्या. आतून पोकळ, म्हणून हलक्या आणि भाजताना न फुटणाऱ्या. कानाजवळून खाली येणारी जोडाची रेघ मला तिथे ओळखता आली. आजही आम्ही जोड तिथेच ठेवतो, कारण केसांच्या आणि दागिन्यांच्या गर्दीत तो लपतो.

मुखवट्यांची गोष्ट वेगळी. महालक्ष्मी वऱ्हाडात लाडाची. अनुराधेला येते, ज्येष्ठेला जेवते, मुळावर जाते. कोठ्यांवर उभ्या दोघी, पुढे त्यांची बाळे, सोळा भाज्या, ज्वारीची आंबील, पुरणपोळी. तिचे मुखवटे दर वर्षी नवे घेत नाहीत. घराण्यातले मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या चालतात, रंग उडाला तर रंगवून घेतात. पण भावाभावांच्या वाटण्या होतात, एकाच्या देवघरात असलेला चेहरा दुसऱ्यालाही हवा असतो, ‘हाच चेहरा पाहिजे, दुसरा नको’ असे सांगत बाया माझ्याकडे येतात. त्यामुळे मला चालत्या मुखवट्यावरून साचा घ्यावा लागतो, आणि तो मुखवट्याला ओरखडाही न काढता.

इथे प्लास्टर कामाला येते. प्लास्टर म्हणजे भाजलेले जिप्सम, आपल्या देशात मुख्यतः राजस्थानातले. दीडशे अंशांच्या आसपास भाजले की त्याच्या अंगातले पाऊण पाणी उडून जाते आणि पांढरी पिठी उरते. त्या पिठीला पुन्हा पाणी भेटले की ती गमावलेले सगळे परत घेते आणि दगड होते. घेताना अंग गरम होते. साचा जमत असताना त्यावर हात ठेवला की तापलेले कपाळ हाताला लागते. थोडे फुगतेही, त्यामुळे पापणीची रेघसुद्धा सुटत नाही. पाण्यात पीठ शिंपडत जायचे, पिठावर पाणी ओतायचे नाही. पीठ पाण्याच्या वर बेटासारखे दिसू लागले की थांबायचे आणि बुडबुडे न करता हात फिरवायचा. मुखवट्याला आधी साबणाचे पाणी आणि तेलाचा पुसट हात.

जमलेले प्लास्टर कमालीचे तहानलेले असते, म्हणून ओल्या शाडूसाठी त्याच्यासारखा साचा नाही. पण ते ताठ आहे. नथीची कडी, कानामागची खोल बाजू, मुकुटाची मागे वळलेली पाकळी, असे जे जे आत वळते तिथे ते अडते. मग साचा तुकड्यातुकड्यांनी करावा लागतो, प्रत्येक तुकडा एकाच दिशेने सुटेल असा. ते गणित आहे आणि मला ते फार आवडते. हळूहळू कडा झिजतात, बारीक नक्षी पुसट होते. शंभराच्या आगेमागे प्रती काढल्या की चेहऱ्यावरचे हसू बोथट होऊ लागते. वाळवायचा तो सावलीत, वाऱ्याला. आमच्याकडे वैशाखात पारा पंचेचाळिसाच्या वर जातो, आणि तापलेल्या टिनावर ठेवलेला साचा जिप्समने घट्ट धरलेले पाणीही सोडू लागतो. मग तो पिठाळ होतो, बोट लावले की झडतो.

जीर्ण प्लास्टरचे काय करायचे, हा प्रश्न मी बरीच वर्षे घोळवला. ते कुटून, पुन्हा भाजून वापरता येते, पण पहिल्यासारखे कणखर होत नाही. भर म्हणून चालते, चेहऱ्यासाठी नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने प्लास्टर ऑफ पॅरिसच्या, म्हणजे पीओपीच्या, मूर्तींसाठी अमोनियम बायकार्बोनेटच्या पाण्याची पद्धत दिली आणि पुणे महापालिकेने ती वापरली. तळाशी कॅल्शियम कार्बोनेट बसते, वरच्या पाण्यात अमोनियम सल्फेट उरते, ते खत म्हणून चालते. साचाही त्याच जिप्समचा, तेव्हा बारीक फोडून टाकला तर त्यालाही हेच लागू. पण वऱ्हाडाजवळ याहून साधी वाट आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला आमचा खारपाणपट्टा, अकोला, अमरावती आणि बुलढाण्याच्या कितीतरी गावांतला. तिथल्या जमिनीत सोडियम साचून माती घट्ट होते, पाणी मुरत नाही, आणि तिच्या सुधारणेसाठी जिप्समच टाकतात. त्यातले कॅल्शियम सोडियमला हुसकावते. माझे रंग आणि तेलरंग न लागलेले झिजके साचे कुटून मी त्या बाजूच्या नात्यातल्या घरी देते. एवढ्याने एकर सुधारत नाही. घरामागच्या वांग्याच्या वाफ्यापुरते होते.

रबराविषयी मात्र मला सावधच बोलावेसे वाटते. गेल्या काही दशकांत गणपतीच्या कारखान्यांचे रूप रबराने पालटले. केरळकडून डब्यांत येणारे रबराचे दूध, झाकण उघडताच अमोनियाचा झोंबरा वास. मूर्तीवर कुंचल्याने एक थर, तो वाळला की दुसरा, मध्ये मलमलीच्या पट्ट्या, असे करत सोलता येण्याजोगी कातडी तयार होते. बाहेरून प्लास्टरचे किंवा फायबरचे कवच. ते नसेल तर रबर वजनाने वाकडे होते. जिथे प्लास्टरच्या साच्याचे दहा तुकडे करावे लागतील तिथे रबर एका अंगरख्यात काम भागवते. पण ते पाणी पीत नाही. त्यात शाडू दाबला तर तो दिवसभर ओलाच. पीओपी ओतले की अर्ध्या-पाऊण तासात मूर्ती बाहेर. पीओपीची मूर्ती आणि रबराचा साचा यांची जोडी अशी जमली आणि दोघांनी मिळून मातीला मागे रेटले.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपी मूर्तींविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अशा मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, नैसर्गिक पाण्यातल्या विसर्जनाला मात्र आडकाठी ठेवली. एवढी सगळी चर्चा झाली ती मूर्तीची. साच्याचे काय होते, हे मी कुणाला विचारताना ऐकले नाही. रबराला ऊन सोसत नाही, तेल सोसत नाही, तांबे तर मुळीच नाही. पितळी मुखवट्यावर लावायचे तर आधी लाखेचा हात द्यावा लागतो. शंखजिऱ्याची पूड लावून, कवचात बसवून, अंधारात ठेवले तर ते काही हंगाम काढते. मग चिकट होते किंवा तडकते. ते वितळवून पुन्हा दूध करता येत नाही. कारखान्याच्या मागच्या उकिरड्यावर गणपतीच्या पोकळ, पिवळट कातड्या पडलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि थंडीत त्यांची शेकोटी झालेलीही. तो काळा धूर लेकरांच्या नाकात जातो.

सिलिकॉन रबराहून टिकाऊ, बारीक नक्षीला अधिक इमानी आणि कितीतरी महाग. तेही वितळत नाही. पण त्याचा एक गुण आहे: जुना साचा कात्रीने बारीक तुकडे करून नव्या साच्याच्या पोटात भरता येतो. चेहऱ्यालगत नवा थर, मागे जुन्याची भर. नवे सिलिकॉन जुन्याला घट्ट धरते आणि माल बराच कमी लागतो. मूळ नमुना गंधक असलेल्या मॉडेलिंगच्या मातीचा असेल तर काही जातींचे सिलिकॉन जमतच नाही, चिकट राहते. दुकानदाराला आधी विचारून घ्यावे.

जुन्या शिल्पकारांकडे यावर सुरेख तोड होती, सरसाची. कातडी-हाडांचा सरस गरम पाण्यावर पातळ करायचा, मूर्तीभोवती ओतायचा, थिजला की वाकणारा साचा तयार. थोड्या प्रती काढल्या की प्लास्टरच्या उष्णतेने तो ढिला पडतो. मग तुकडे करून पुन्हा वितळवायचा आणि पुढच्या मूर्तीला वापरायचा. आमच्या उन्हाळ्यात त्याचा निभाव लागणार नाही, पण मार्गशीर्ष-पौषात मी तो वापरते आणि त्या काळात माझ्या कोठीत कचऱ्याची टोपली भरत नाही.

धातूच्या ओतकामात तर साचा जन्मतो तो फुटण्यासाठीच. बैतूलकडचे भरेवा कारागीर आजही तसे काम करतात, मेळघाट ओलांडला की त्यांचा मुलूख. मातीचा गाभा, त्यावर मेणाचे काम, वरून मातीचे लेप. भाजले की मेण वाहून जाते आणि त्याची जागा पितळ घेते. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने इ.स. ११३० च्या आसपास मानसोल्लासात ही रीत लिहून ठेवली, आमच्या शिलालेखाच्या आधी जेमतेम अर्धशतक. मेण आधी तोलून घ्यावे आणि त्यावरून धातू किती लागेल ते ठरवावे, चांदी बारापट, सोने सोळापट. लेपाच्या मातीत जळका कोंडा, थोडे मीठ आणि अगदी बारीक तोडलेला कापूस घालून दगडावर वाटावी. पहिला लेप पातळ, सावलीत वाळवलेला. कापसाचे कारण भट्टीजवळ बसले की समजते: लेप वाळताना तंतू त्याला तडकू देत नाहीत, आणि भाजताना जळून गेले की वाफेला वाट मोकळी करून देतात. कापसाच्या मुलखात राहणाऱ्या मला हे वाचून जो आनंद झाला तो अजून ओसरलेला नाही. मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर खिनखिनीला सापडलेल्या जैन धातुमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहेत. त्यांच्या साच्यांतही आमच्याकडचा कापूस असेल का, असे त्यांच्यासमोर उभी राहून मी मनाशी म्हणते.

मेण परत मिळते, फुटलेल्या लेपाची भुकटी पुन्हा मातीत जाते. वाळूच्या साच्यातही तेच. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत ओतकाम झाले की वाळू चाळतात, जळलेली काढतात, थोडे पाणी आणि बेंटोनाइट घालून पुन्हा ठासतात. हे बेंटोनाइट म्हणजे फुगणारी चिकण, आपल्या काळ्या मातीत असते त्याच कुळातली. जिने मूर्तीला तडे दिले तीच वाळूच्या कणांना धरून ठेवते.

माझी निवड आता ठरलेली आहे. भुलाबाईला भाजकी माती. शाडूच्या मुखवट्याला प्लास्टर. एखादा फारच नक्षीदार, मागे वळलेला चेहरा असेल तर थंडीत सरस, नाहीतर जुन्याची भर घातलेले सिलिकॉन. रबर मी बंद केले. धंदा म्हणून हजारांनी मूर्ती काढणाऱ्याला हे परवडणार नाही हे मला माहीत आहे आणि त्याच्यावर माझा राग नाही. पण साचा विकत घेताना, तो निकामी झाल्यावर कुठे जाणार हे त्यानेही विचारावे, आणि उत्तर ‘उकिरड्यावर’ असेल तर ती किंमत मालाच्या किमतीत धरावी. मग रबर स्वस्त राहत नाही.

आता वाचणाऱ्यांना एक विनंती. वऱ्हाडातल्या कितीतरी माळ्यांवर, कोठ्यांमध्ये, जुन्या हलवायांच्या दुकानांच्या मागच्या खोल्यांत सागाचे गाठीचे साचे पडून आहेत. ओळीने वाट्या कोरलेली काळपट फळी दिसली की अडगळ म्हणून बंबात घालू नका. वाळवी लागली आहे का ते पाहा, ब्रशने झाडा, एक रात्र पाण्यात ठेवा आणि जवळच्या गाठीवाल्याकडे घेऊन जा. तसे कोरीव काम करणारे सुतार आता फारसे उरलेले नाहीत, त्यामुळे तो ती नक्की घेईल. कुंभाराकडे जुना भाजका साचा दिसला तर त्यातून एक भुलाबाई करून मागा, आणि तिचे मोल द्या.